पाच नंबर

मी ओरडलो होतो.
हे आधीच सांगून टाकतो,
नंतर सांगायला जमणार नाही.

कूपरेज, मे महिना, साडेचारची मॅच.
गवत प्लास्टिकचं, त्यातून वाफ निघत होती.
आम्ही गोदीवाले वीस-बावीस जण,
ग्रेगरीकाकांच्या टकलावर ओला रुमाल,
पलीकडे नागपाड्याची पोरं, ढोलासकट.
एक-शून्यने ते पुढे. सदुसष्टावं मिनिट.

त्यांचा पाच नंबर, मुदस्सर मुकादम,
आमच्या विंगरला तासभर खिशात घालून फिरत होता.
थ्रो घ्यायला आला अगदी आमच्यासमोर,
बॉल उचलला, शर्टाला पुसला,
आणि कुणी बोटही न लावता
खाली बसला. मग आडवा झाला.

टाइम काढतोय, आम्हाला वाटलं.
जन्मभर लोक आमच्यासमोर टाइमच काढत आलेत.
मी उठलो, तोंडाला दोन्ही हात लावले:
‘ऊठ रे नाटक्या! घरी जाऊन झोप!’
लोक हसले. मला बरं वाटलं.
गोदीत चाळीस वर्षं भोंग्याच्या वर बोललोय,
माझा आवाज लांब जातो.

बॉल घरंगळत लाइनीवर येऊन थांबला.
कुणीच घेतला नाही.
आमच्याच विंगरने, त्याने लोळवलेल्या पोराने,
बेंचकडे हात केला,
एक हात,
मग दोन्ही.

ढोल थांबला तेव्हा कुणाच्या तरी हातून टिपरू पडलं
आणि पायऱ्यांवरून खाली जाताना
प्रत्येक पायरीला ऐकू आलं.

त्याच्या गालाला रबराचे काळे दाणे चिकटले होते.
मला इतक्या वरून दिसले.
कसे दिसले?
माझा चष्मा तर बदलायला झालाय.

आमच्या गोलकीपरची बहीण, नायरला नाइट करून आलेली,
चप्पल कठड्याशी सोडून आत धावली.
गुडघ्यांवर बसली, दोन्ही तळवे छातीवर,
एक दोन तीन चार,
मोठ्याने मोजत होती
आणि आम्ही दोन्हीकडचे तिच्यामागून मोजायला लागलो.
तिसाला ती थांबायची, आम्ही थांबायचो,
पुन्हा एकपासून.
म्हणजे ते. मी नाही.
माझे ओठ हलत होते, पण घसा
त्या एका वाक्यातच अडकून बसला होता.

झटका द्यायची पेटी कपाटात,
किल्ली वॉचमनकडे,
वॉचमन चहाला.
कुणीतरी कपाटाच्या काचेवर खुर्ची घातली.
तेवढा एक आवाज त्या दिवशी चांगला झाला.

स्ट्रेचर गेलं. मॅच कुणी संपवली नाही,
संपली.
नागपाड्याचा एक पोरगा, मिसरूडही न फुटलेला,
आमच्यासमोर येऊन उभा राहिला.
नाटक्या कोण म्हणालं, विचारलं त्याने.
वीस-बावीस जणांतल्या एकानेही
माझ्याकडे पाहिलं नाही.
याला दोस्ती म्हणतात. मला तिची शरम वाटली.

वाचला तो. बुधवारी ग्रेगरीकाकांचा फोन आला.
मी देवापुढे दिवा लावला, मग विझवला,
मग परत लावला.
शुद्ध जाताना माणसाला शेवटचं काय ऐकू येतं,
हे कुणाला विचारायचं?

या मोसमात तो मॅच बघायला येतो.
माझ्या दोन पायऱ्या खाली बसतो.
डाव्या खांद्याखाली कातडीत काहीतरी बसवलंय,
काडेपेटीएवढं. शर्टातून कड दिसते.

परवा आमचा एक पोरगा पडला.
आजूबाजूचे ओरडले, सवयीने.
तो उभा राहिला. मीही.
अख्ख्या स्टँडात आम्ही दोघंच उभे, गप्प.
पोराच्या पोटरीत गोळा आला होता, बाकी काही नाही.

त्याने मागे वळून पाहिलं, हसला,
शेंगदाण्याची पुडी पुढे केली.
‘घ्या काका.’
मी चार दाणे घेतले.
थँक्यू म्हणायला तोंड उघडलं
आणि मिटलं.

आवाज ओळखेल.